पाच चुलींचा मालक

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी श्रूजबरीतल्या घरासमोर ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होतो. बायकोने दारातून सांगितलं. मी उरलेला बर्फ उपसून मगच आत गेलो. माणूस गेल्यावर चांगलंच लिहावं म्हणतात... महिना झाला, मला ते जमत नाही. पंचवीस वर्षं माझा त्याच्यावर राग होता आणि मरून त्याने त्यात काही सुधारणा केलेली नाही.

सत्तरच्या सुमारास, पुण्यात कॉलेजात असताना, आम्ही दोघे कुमाऊँत पंचचुली बघायला गेलो. एका रांगेत पाच हिमशिखरं. स्वर्गाच्या वाटेवर पांडवांनी शेवटचा स्वयंपाक तिथे केला, म्हणून या पाच चुली, असं तिथले लोक सांगतात. मुनस्यारीला पोचलो आणि विलास तापाने आडवा झाला. त्याला खोलीवर ठेवून मी गावातल्या वाटाड्याबरोबर वरच्या कुरणावर गेलो. फोटो मी काढले. मावळतीला शिखरं लाल झाली, तेव्हा चुली पेटल्या असं वाटाड्या मला म्हणाला, विलासला नव्हे. विलासने नंतर माझ्याकडून स्लाइड्सच्या कॉपी तेवढ्या नेल्या.

नशिबाने आम्हाला अमेरिकेत एकाच गावात आणून टाकलं. दर गणपतीत मंडळात त्याचा स्लाइड शो ठरलेला. त्यात वर तो गेलेला, वाटाड्या त्याच्याशी बोललेला आणि ताप मला आलेला! एका वर्षी त्याने एक स्लाइड उलटी घातली. सगळ्यांत उंच शिखर डावीकडचं उजवीकडे गेलं. मी भर सभेत उठून म्हणालो, "विलास, चित्र उलटं आहे. मुनस्यारीहून असं दिसत नाही."

"बरोबर," तो शांतपणे म्हणाला. "हे मागून, दारमा खोऱ्यातून घेतलंय."

पलीकडून क्रम खरंच उलटा दिसतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारमा खोरं त्याने फक्त नकाशात पाहिलं होतं. मला एवढंच हवं होतं, की त्याने एकदा खरं बोलावं...

तो गेल्यावर दुसऱ्याच रविवारी त्याच्या बायकोने, शैलाने, गळ घातली म्हणून मी त्याचा मराठीचा वर्ग घ्यायला गेलो. चर्चच्या तळघरात आठ मुलं. मी पंचचुलीची गोष्ट काढली, तर दहा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "वी नो, काका. विलासकाका वॉज सिक. वर तुम्ही गेलात."

हे कोणी सांगितलं, असं मी विचारलं.

"त्यांनीच. एव्हरी इयर सांगायचे. पण मोठ्यांना सांगू नका म्हणाले."

फळ्यावर त्याच्या हातची बाराखडी होती. मुलं ती पुसू देत नाहीत. मी डस्टर उचललं आणि खाली ठेवलं. आठ पोरांपुढे त्याने तोंड उघडलं, माझ्यापुढे नाही. आता दर रविवारी मी त्या बाराखडीच्या खाली उरलेल्या जागेत लिहितो. राग गेलेला नाही. भांडायला तो नाही, याचा मात्र जास्त येतो.