दोन नगांची कंपनी

लिफ्टवाल्याच्या पायाला भिंगरी आहे, हे त्याच्या थोरल्या बहिणीनं तो सहा वर्षांचा असतानाच जाहीर केलं होतं. तेव्हापासून ती त्याला भिंगरीच म्हणायची. आता तो चव्वेचाळीसचा झाला होता, एकतीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्या भरवशावर वरखाली करत होत्या, तरी घरात आला की बूड टेकायच्या आत उठायचा. जेवताना दोनदा खिडकीशी जाऊन यायचा. कुरिअरवाल्याची पिवळी मोपेड दिसते का, एवढंच त्याला बघायचं असायचं.

मोपेडवरून यायच्या त्या चिपा. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा कॉम्प्युटर. बेल, मोटर, दिवा, जे जोडाल ते तो आपल्या हुकमानं चालवतो. या चिपा बनवणाऱ्या कंपन्या नव्या मालाचे दोन-दोन नग फुकट पाठवतात, कारखानदारानं वापरून बघावेत आणि आवडले तर पोत्यानं मागवावेत म्हणून. त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो. पहिला फॉर्म त्यानं अगदी खरा भरला होता. व्यवसाय: लिफ्टदुरुस्ती. चिप कशासाठी हवी: बहिणीला दारावरची बेल कळावी म्हणून. वर्षाला किती लागतील: एक.

त्या फॉर्मला उत्तर आलं नाही. महिनाभर वाट बघून त्यानं दुसरा भरला आणि त्यात एका कंपनीला जन्म दिला. नावापुढे ‘सिस्टिम्स’ लावलं, वर्षाची गरज पाच हजार लिहिली. आठव्या दिवशी चंदेरी पाकीट दारात हजर. मग काय, माणूस सुटलाच. एका नावावर दोनच नग मिळतात, म्हणून पुढच्या वेळी त्यानं कंपनीला संचालिका नेमली. ती म्हणजे ताई. ताईला या बढतीचा पत्ता नव्हता.

ताई रफूचं काम करायची. इस्त्रीनं जळलेली पँट, उंदरानं कुरतडलेला कोट तिच्याकडे यायचा. त्याच कापडाच्या शिवणीतून धागे उपसून, टेबलाला लावलेल्या भिंगाखाली ती भोक असं विणून काढायची, की मालकालाच ते सापडू नये. तिसाव्या वर्षी तापानं तिचे दोन्ही कान गेले होते. बोलायची नीट, आवाज फक्त जरा चढा. समोरच्याचे ओठ बघून तिला बरंचसं कळायचं. उरलेल्याला ती हसून मान डोलवायची. लिफ्टवाल्यानं बेलला जोडून भिंतीवर लाल दिवा लावून दिला होता. पण भिंगाच्या लखलखीत उजेडात वाकलेल्या बाईला मागच्या भिंतीवरचा दिवा काय कपाळ दिसणार?

म्हणून मनगटावर थरथरणारं काहीतरी हवं होतं. सामान सगळं घरात होतं. पण सोल्डर करताना, म्हणजे तापल्या डाकानं तारा जोडताना, चिप जळली तर? दोनच तर नग. त्यापेक्षा पुढची चिप अजून चांगली येतेय, ती येऊ दे. पाकिटं खणात साठत गेली, पाहुण्यांसाठी जपलेल्या कपबश्यांसारखी. एकही फुटलं नाही.

आणि मग दोन वर्षांपूर्वी मामा येऊन गेले. आई गेल्यानंतर या दोघांना सांभाळणारे ते एकच. न कळवता लांबून बस बदलत आले, पाच मजले चढले, कारण त्या दिवशी लिफ्ट बंद होती, आणि बेल वाजवत उभे राहिले. लिफ्टवाला कामावर होता. ताई घरात, दारापासून दहा पावलांवर, एका कोटाची कोपर विणत होती. तासाभरानं मामांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली: ‘बेल वाजवली. कुणी नाही वाटतं. पुन्हा येईन.’ त्याच महिन्यात ते गेले. चिठ्ठी ताईनं दोऱ्यांच्या डब्यात ठेवली आणि तिच्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

मामा दारात उभे होते तेव्हा खणात चार पाकिटं होती. हे फक्त लिफ्टवाल्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला आतून खात होतं. शहाण्या माणसानं त्याच संध्याकाळी पाकीट फोडलं असतं. यानं आणखी आठ मागवली.

मग गेल्या शुक्रवारी तो एका दवाखान्याच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत ग्रीसमध्ये कोपरापर्यंत बुडालेला असताना फोन वाजला. चिपकंपनीची प्रतिनिधी बोलत होती, आवाजावरून तरुण आणि घाईतली. वर्षाला पन्नास हजारांचा अंदाज दिलाय तुम्ही सर, आमची नवी चिप तुमच्या कुठल्या मालात बसली ते बघायला गुरुवारी अकराला येते, संचालिका मॅडमनाही भेटेन, असं तिनं सांगितलं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून ‘या ना’ बाहेर पडलं. फोन ठेवून त्यानं मशीनखोलीत तीन फेऱ्या मारल्या. पन्नास हजार त्यानंच लिहिले होते. पाच हजारांवर पाकिटं उशिरा यायला लागली होती ना.

आता गुरुवारपर्यंत एक तरी वस्तू चालू करून दाखवायची होती. नवी चिप कामाची होती यात शंका नाही. जुन्या सतत जाग्या राहून दोन दिवसांत बटणसेल संपवायच्या. ही मात्र झोपून राहायची, सेकंदाला एकदा डोळा उघडून बेल वाजली का बघायची आणि पुन्हा झोपायची. त्या घरात शांत झोपणारं तेवढं एकच कोणी होतं. पण घाईघाईत फॉर्म भरताना यादीतला पहिलाच प्रकार त्यानं टिचकवला होता, आणि आली ती पाय नसलेली चिप. तांदळाच्या चार दाण्यांएवढी. कडेला तारा जोडायला पायच नाहीत, पोटाखाली नुसत्या चमकत्या टिकल्या. कारखान्यातलं यंत्रच ती बसवू जाणे.

शनिवारी त्यानं चिप उलटी चिकटवून टिकल्यांना केसाएवढ्या तारा लावायचा प्रयत्न केला. दर तारेगणिक उठून खिडकीशी गेला. तिसऱ्या तारेला हात हलला, सोल्डरचा थेंब चार टिकल्यांवर पसरला, तो काढता काढता चिप भाजून निघाली. राहिली एक.

रविवारी दुपारी ती दुसरी चिप समोर घेऊन तो नुसताच बसला होता. म्हणजे त्याच्या मानानं बसला होता. टेबलाखाली पाय चालूच होता, आणि टेबल हलल्यामुळे पलीकडे ताईच्या भिंगाखालचं कापड नाचत होतं. ती उठून आली, चिप चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरली.

“कुठली तार कुठे, ते मोठ्ठं काढून दे,” ती म्हणाली. “आणि जरा बाहेर फिरून ये.”

तो म्हणाला, जळली तर दुसरी नाही. तिनं ओठ वाचले असावेत किंवा नसावेत. मान डोलवली आणि त्याला दाराबाहेर काढलं. दोन तास तो रस्त्यांवरून भटकला, कुणाकडे काही काम नसताना दोन लिफ्ट तपासून आला. परतला तेव्हा आठही तारा लागल्या होत्या, सरळ, सारख्या अंतरावर, सुरेख. ताई पुन्हा कोटाकडे वळली होती.

बुधवारी पट्टा तयार झाला. टेबलावर चिपेला तार टेकवली की जुन्या मोबाइलमधली मोटर गुरगुरायची. पण पट्टा ताईच्या हातावर, तो दाराबाहेर, बोट बेलवर, आणि काही नाही. बेलकडून पट्ट्याकडे येणाऱ्या रेडिओलहरी लोखंडी दार अडवत होतं. गुरुवारी सकाळी त्यानं बेलच्या डबीतून तार काढून चौकटीवरून फिरवली, शेवटचा स्क्रू पिळला, पट्टा ताईला बांधला, आणि फोन आला. बाई खाली पोचल्या होत्या. अकराला अजून पंधरा मिनिटं होती, पण लवकर येणं ही काही त्यांची चूक नव्हे.

तपासायला वेळच उरला नाही. त्याच्या डोक्यात एकच आलं: हिला खालूनच वाटेला लावायचं. संचालिका अचानक गावाला गेल्या म्हणायचं. लिफ्टचं बटण दाबलं, चार सेकंद थांबला, तेवढाही धीर निघेना म्हणून जिन्यानं धावला. खाली कुणी नाही. झेरॉक्सच्या दुकानदारानं सांगितलं, बॅगवाली बाई ना, ती लिफ्टनं आत्ताच वर गेली.

तो जिना चढू लागला. तिसऱ्या मजल्यावर त्याला बेल ऐकू आली. लांब, मग पुन्हा लांब. मग थांबली. त्या शांततेत त्याला मामा दिसले, चिठ्ठी लिहिण्यासाठी खिशात पेन शोधणारे. उरलेले दोन मजले तो कसा चढला ते त्याचं त्यालाच माहीत.

दार उघडं होतं. प्रतिनिधी आत खुर्चीवर बसून पाणी पीत होती आणि ताई उजव्या हातानं डावं मनगट धरून उभी होती.

“गुरगुरलं,” ताई म्हणाली. “मला कळलं. मी उघडलं.”

एकोणीस वर्षांत तिनं बेल वाजल्याबरोबर दार उघडलं नव्हतं, आणि आज उघडलं तेव्हा हा गाढव तळमजल्यावर होता. त्याला रडू यायला लागलं.

प्रतिनिधीनं कौतुकानं पट्टा पाहिला. मॅडमना ‘तुम्हीच संचालिका ना’ असं विचारलं तर त्यांनी हसून मान डोलवली, हेही सांगितलं. मग वही उघडून विचारलं, उत्पादन कधी सुरू, पन्नास हजार एकदम की टप्प्यानं?

“एकच,” तो म्हणाला. “हा एकच. कंपनी नाहीये मॅडम. मी लिफ्ट दुरुस्त करतो. ही माझी बहीण, हिला यातलं काही माहीत नाही.”

तिनं पेन खाली ठेवलं. चिडली नाही, पण चेहरा उतरला. “मागच्या महिन्यात साहेबांची बोलणी खाल्ली, तेव्हा मी तुमचे पन्नास हजार पुढे केले होते,” ती म्हणाली. “आता तो आकडा कुठल्या तोंडानं मागे घेऊ?”

फुकट, फुकट म्हणून तो जे घेत होता त्याची किंमत कुणीतरी देत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती किंमत आता त्याच्याच खुर्चीत बसली होती. त्यानं कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्या लिहून दिलं: कंपनी खोटी, आकडा खोटा, दोष सगळा माझा, माझा पत्ता यादीतून काढावा. खाली सही केली. तिनं घडी घालून बॅगेत ठेवलं आणि निघताना विचारलं, बाकीच्या अकरा पाकिटांचं काय बनवलं?

त्यानं खण उघडला. ती पाकिटांकडे बघत राहिली, मग नमस्कार करून गेली.

ताईनं एक-एक पाकीट उचलून भिंगाखाली धरलं. प्रत्येकावर पाठवल्याची तारीख छापलेली होती. चौथ्या पाकिटापाशी ती थांबली.

“मामा आले तेव्हा ही घरातच होती तर.”

“होती,” तो म्हणाला, तिला ओठ दिसतील असं तोंड वर करून.

तिनं पाकिटं होती तशी खणात ठेवली, पट्टा मनगटावर घट्ट केला आणि त्याला हातानं दाखवलं, बाहेर जा. बेल वाजव.

तो बाहेर गेला. दार लावून घेतलं, बेलवर बोट ठेवलं. बोट उचलायच्या आत दार उघडलं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या जिन्याकडे, आणि तिथेच पाहत राहिली.