पत्रिकावाल्या भाऊंचा मुकादम

मूल तालुक्यात कोण जिवंत आणि कोण गेलेला, याचा शेवटचा निर्णय आमच्या पत्रिकावाल्या भाऊंच्या हाती असायचा. तहसीलदारांना राग येईल, पण खरं ते खरं.

राइस मिलच्या मागच्या खोलीत भाऊंचं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान. एका प्रोग्रामात मजकूर, दुसऱ्यात वेलबुट्टी, तिसऱ्यात पानांची मांडणी, आणि तिघांचं एकमेकांशी पक्कं वाकडं. एकात नाव सुधारलं की उरलेल्या दोघांत जुनंच! वैतागून भाऊंनी स्वतःच चौथा प्रोग्राम लिहिला, तिघांना कामाला लावणारा. त्याचं नाव मुकादम. घराघरांतली नावं त्याच्या यादीत. कुणी गेलं की तिथं एकदा खूण करायची, मग पुढच्या प्रत्येक पत्रिकेत त्या नावाआधी आम्हा बौद्धांच्या रीतीनं 'कालकथित', इतरांच्या 'स्वर्गीय' आपोआप यायचं. खुणेच्या बाबतीत मात्र भाऊ महाकाटेकोर. ऐकीव बातमी चालायची नाही. मयतीला जाऊन चेहरा पाहिल्यावरच खूण. एकदा गर्दीत दिसेना, तर थेट तिरडीपाशी घुसले, "जरा बाजूले व्हा जी, मले पाहू द्या." लोक चिडले, पण भाऊ चेहरा पाहूनच परतले. आणि कॉम्प्युटरशी बोलणं तर दिवसभर चालू, "चाल गा मुकादमा, लोकं थांबून राह्यले!"

माझ्या मुलीच्या लग्नाला पंधरा दिवस होते. भर दुपारी पत्रिकेचं प्रूफ हातात घेतलं आणि पाहतो तर काय. बायकोच्या नावाआधी 'कालकथित'! आणि ती तर घरी लाखोळीची डाळ पाखडत बसलेली. छातीचं दुखणं होतं तिला, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, पण होती चांगली ठणठणीत बोलणारी.

"भाऊ, डोकं फिरलं का तुमचं?" मी ओरडलो.

"गुरुजी, मी खूण केलीच नाई." भाऊंनी शब्द पुसला, पुन्हा छापलं. शब्द परत आला. पुन्हा पुसला, पुन्हा आला. मग ते खाली बघत म्हणाले, "एकडाव असंच झालं होतं. आरमोरीच्या एका मामाच्या नावाले. मी चूक समजून हसलो. आठ दिवसांत मामा गेले."

मी हातातलं प्रूफ उलटं करून टेबलावर ठेवलं. आणि भाऊ? ते खुर्ची पुढे ओढून मुकादमाशी चक्क भांडायला बसले. "पाह्यलं कोनं? मी गेलो का मयतीले? मंग तू काऊन लिहून राह्यला?" हसावं की रडावं कळेना. संध्याकाळपर्यंत त्यांनी मुकादमाच्या पोटातून ते दोन्ही शब्दच उपटून काढले. "आता ह्याले कोनालेच मारता येत नाई, गुरुजी."

लग्न झालं. बायको मांडवात नाचलीसुद्धा, माझं न ऐकता. त्यानंतर मात्र तालुक्यातले मेलेले आजे बिनदिक्कत लग्नांची आमंत्रणं देऊ लागले. लोकांनी बोंब मारली. भाऊ पेनानं शब्द लिहून द्यायचे, पण मुकादमाला तो पुन्हा शिकवला नाही.

आम्हाला दोन वर्षं मिळाली. मग ती गेली. पुण्यानुमोदनाच्या पत्रिका भाऊंनीच केल्या, आणि प्रत्येकीवर तिच्या नावाआधी 'कालकथित' हातानं लिहिलं. गठ्ठा मला दिला, मग खिशातून एक वेगळी काढली.

"हे एक तसंच ठेवलं, गुरुजी. तुमच्यासाठी."

तिच्यावर नुसतं नाव आहे. अधूनमधून कपाटातून काढून मी ते मोठ्यानं वाचतो, आणि मग स्वयंपाकघरातून "काय जी?" असं येईल म्हणून जरा वेळ थांबतो.