भुलाबाईची तारीख

मार्चचा तिसरा आठवडा होता. अकोटच्या एस.टी. स्टँडवरून मी साहेबांना फोन लावला आणि सांगून टाकलं, "सर, गोदाबाई नाही म्हणते."

"नाही म्हणजे काय? पुढच्या सोमवारी समिती येतेय, मॅडम."

मी तेव्हा अमरावतीला सांस्कृतिक खात्यात संशोधन सहायक होते. नाव भारी, काम फाइली ओढायचं. राज्य सरकार लोककलांची अधिकृत यादी करत होतं. यादीत आलं की ती कला स्वतंत्र मानली जाते, तिची नोंद होते. मी वऱ्हाडातून भुलाबाईचा प्रस्ताव पाठवला आणि तो त्रुटी लागून परत आला. त्रुटी म्हणजे वरच्यांनी फाइलमध्ये काढलेली खोट. लिहिलं होतं, 'हा प्रकार भोंडल्याचाच दिसतो. वेगळ्या नोंदीची गरज वाटत नाही. तरी समितीने प्रत्यक्ष पाहून कळवावे.'

माझा पाराच चढला. भोंडल्यात मुली हत्तीच्या चित्राभोवती फेर धरतात. आमची भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. भादव्याच्या पुनवेला ती नवऱ्याला, भुलोजीला, घेऊन येते. कुंभाराकडून दोघांच्या मातीच्या मूर्ती आणायच्या, महिनाभर रोज संध्याकाळी गाणी म्हणायची, आणि कोजागरीला ज्वारीच्या पाच धांड्यांच्या, म्हणजे ताटांच्या, मखरात बसवून तिला निरोप द्यायचा. आणि हे सगळं भोंडल्याच्या खात्यात?

दुसरंही एक होतं. त्या वर्षांत मुंबईची गाडी गावात शिरली की लोक समजून जायचे, कुणा शेतकऱ्याच्या घरी वाईट झालंय, त्याची चौकशी आहे. वऱ्हाडचं नाव पेपरात यायचं ते तेवढ्याचसाठी. एकदा तरी कुणी आमची गाणी ऐकायला यावं, असं मला फार वाटायचं.

साहेब म्हणाले होते, एखादा हॉल घ्या, कॉलेजच्या मुली उभ्या करा, वीस मिनिटांत आटपा. लहानपणी टिपऱ्या हातात घेऊन गल्लीभर फिरलेली मी, पण मार्चअखेरच्या घाईत मीही हो म्हणून बसले. चूक माझीच.

गोदाबाई कुंभारीण अकोटजवळच्या गावातली. साठी ओलांडलेली. आसपासच्या गावांतल्या भुलाबाई तिच्याच हातच्या. मी मूर्ती मागितल्या तशी तिने मला आधी चहा पाजला, मग म्हणाली, "भुलाबाई माहेराले येते भादव्यात. चैतात कोणत्या तोंडानं बोलावू तिले?"

मी समजावलं की दाखवलं नाही तर कागदावर भोंडला लिहितील आणि फाइल कायमची बंद होईल. तिचा चेहरा उतरला. हाताची माती पुसत ती म्हणाली,

"माह्या भुलाबाईले दुसऱ्याच्या नावानं हाक नोका मारू देऊ, मॅडम. पण अवेळी मी मूर्ती घडवणार नाई."

फोनवर साहेबांनी बाजारातून प्लास्टरच्या मूर्ती आणायला सांगितलं. आता मात्र मी ऐकलं नाही. ऑफिसात येऊन फाइलवर शेरा लिहिला, 'कलाकार हजर आहेत. कला हंगामात नाही. भुलाबाई भाद्रपदाआधी येत नाहीत.' साहेबांनी तो वाचला आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, "भुलाबाईंचा टूर प्रोग्रॅमपण जोडा सोबत." पण सही केली.

सोमवारची पाहणी रद्द झाली आणि वरून बरेच दिवस काही आलं नाही. मग पावसाळ्यात पत्र आलं की समितीतले पुण्याचे एक सदस्य कोजागरीला येतील. तो शेरा त्यांनीच वाचला होता.

कोजागरीला दिवेलागणीच्या वेळी गोदाबाईच्या अंगणात फेर सुरू झाला. पुण्याहून आलेले सर सतरंजीवर बसले. तासभर त्यांनी डायरीत एक अक्षर लिहिलं नाही, आणि इकडे माझा जीव टांगणीला. मग त्यांनी मखराकडे बोट दाखवलं. "वाटेत मला फक्त सोयाबीन आणि कपाशी दिसली. ही ज्वारी कुठून आणली?"

हा देखावा आहे, असं यांनी लिहिलं तर? तेवढ्यात शेजारची कमलाबाई माळीण उठली आणि त्यांना घरामागे तिच्या वांग्यांच्या वाफ्यांकडे घेऊन गेली. बांधाला ज्वारीची एकच ओळ उभी होती. पाच धांडी ताजी कापलेली.

"एवढीशीच पेरली?"

"गावात ज्वारी आता कोणी पेरत नाई. पण भुलाबाईले मखर तर लागते ना," कमलाबाई म्हणाली. "म्हून दरसाल एक ओळ पेरतो."

"आणि यादीत नाव नाही आलं तर?"

"तरी पेरीन."

सर परत येऊन बसले तर खिरापतीचा डबा पुढे आला. त्यातला खाऊ ओळखल्याशिवाय कुणी उठत नाही. "हे आमच्याकडेही असतं," म्हणत ते सरसावले. लाडू झाले, करंजी झाली, चिवडा झाला. बाया आपल्या 'नाई' म्हणत डबा हलवताहेत आणि डबा मुका. शेवटी सरांनी हार मानली. आत कमलाबाईच्या मळ्यातल्या बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, उकडलेल्या शेंगा होत्या. त्यांनी दोनदा मागून खाल्ल्या.

मग डायरी उघडली आणि लिहिलेलं मला दाखवलं. 'भोंडल्याशी साम्य फेर आणि खिरापतीपुरते. स्वतंत्र नोंद करावी.' नोकरीचं भान नसतं तर मी तिथेच फेर धरला असता.

जीआर, म्हणजे शासनाचा आदेश, निघाला त्याच दिवशी त्याची झेरॉक्स घेऊन मी अकोटची एस.टी. पकडली. अंगणात सगळ्यांसमोर तो मोठ्यांदा वाचला.

"भोंडला लिवलं नाई ना कुठं?" गोदाबाईने विचारलं.

"कुठंच नाही."

"मंग वाचा अजून एकदा."

मी तीनदा वाचला. निवृत्त होईपर्यंत मग मी एक पथ्य पाळलं. पाहणीची तारीख ठरवताना आधी गावाला विचारायचं, मग साहेबांना. साहेबांची डायरी खोडून लिहिता येते.