नोटीस कुणाला आली?

करात काय सुधारणा हव्यात हे व्यापाऱ्यांकडून ऐकायला करखात्याचे मोठे साहेब पुसदला आले होते. मी जीएसटीचे रिटर्न भरून देते, म्हणून मीही गेले. शेजारी तांड्यावरची एक मावशी बसली होती; तिचे रिटर्नही मीच भरायचे. ती बायकांकडून कशिद्याच्या पिशव्या करून घेऊन दिल्लीला पाठवायची. तिची जीएसटी नोंदणी रद्द झाली होती, त्यामुळे माल पाठवता येईना आणि तो घरात पडून होता. नोंदणी परत मिळावी म्हणून केलेला अर्ज मंचावरच्याच एका साहेबांकडे होता.

"मावशी, आज बोलू नका. साहेब चिडले तर अर्ज अडकेल," मी तिला बजावलं होतं.

खरं कारण वेगळं होतं. तिच्या आजारपणात रिटर्न राहिले, त्याची नोटीस ई-मेलवर आली. तिला ई-मेल नव्हता, म्हणून नोंदणीत मी माझाच ई-मेल आणि मोबाइल दिला होता. नोटीस मी उघडली तेव्हा मुदत संपून गेली होती. हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

दर कमी करा, फॉर्म सोपे करा, अशी भाषणं चालली होती. तेवढ्यात मावशी उठली.

"साहेब, दराचं तुमी पाहा. पण नाव कापाच्या आधी मले नोटीस काहून नाही देली? पोस्टमन त माह्या घरी पाणी पेते."

अर्ज ज्यांच्याकडे होता, त्या साहेबांनी लॅपटॉप मागवला. "नोटीस ई-मेलवर गेली आहे. हा पत्ता कुणाचा?"

ते पत्ता मोठ्यानं वाचणार तोच मी उभी राहिले. "माझा. नोटीस मला आली होती. मी वेळेत पाहिली नाही आणि यांना सांगितलंही नाही."

सगळं सभागृह माझ्याकडे पाहत होतं. मावशी मात्र पाहत नव्हती.

"हे लेखी द्या," साहेब म्हणाले. मी तिथंच लिहून दिलं. नोटीस मराठीत, कागदावरही यावी, अशी मागणी मागून कुणीतरी केली. तीही टिपून घेतली गेली.

बसस्टँडवर मावशीनं विचारलं, "ताई, तुले ठाऊक होतं, तरी मले गप बसवत होती?"

"हो."

ती पुढच्या बसनं एकटीच गेली.

महिन्याभरानं नोंदणी परत मिळाली. तोवर दिल्लीच्या एका दुकानानं तिच्याकडून माल घेणं बंद केलं होतं. तिनं स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल नोंदवून घेतला. रिटर्नला अजून माझ्याकडेच येते, पण आधी सगळं मोठ्यानं वाचून दाखवायला लावते. कागदी नोटिशीचं काय झालं, ते अजून कळलेलं नाही.