मोडक्या बोंबलांचा वाटा

परवा शहापूरच्या बाजारात सुक्या मासळीच्या टोपल्यांजवळून जाताना तो खारट वास आला आणि मला मुरबाडचा आठवडे बाजार आठवला. तेव्हा मी सातवीत होते. पावसाळ्याची बेगमी करायला आई मला सोबत घेऊन गेली होती.

आई अख्खे बोंबील कधी घ्यायची नाही. टोपलीच्या तळाशी उरलेले मोडके तुकडे ती स्वस्तात मागायची. त्या दिवशीही ती गोणपाटाशी उकिडवी बसून तुकडे निवडत होती आणि नेमक्या आमच्या शाळेच्या बाई समोर आल्या. मला इतकी लाज वाटली, की मी आईच्या पाठीमागे सरकले.

"मोडके का घेता हो?" बाईंनी विचारलं.

"कालवणात मोडूनच टाकायचे ना, बाई? चवीत काय फरक नाय," आई म्हणाली आणि एक तुकडा तिनं त्यांच्यापुढे धरला. "फक्त वास बघायचा. कुबट आला तर घ्यायचा नाय."

बाई साडी सावरून तिच्याशेजारी बसल्या. "मलाही दाखवा. आमच्याकडे खाणारी तोंडं पुष्कळ आहेत."

वर्गाला धाकात ठेवणाऱ्या बाई, आई "हा नको" म्हणाली की तुकडा मुकाट्यानं परत टाकत होत्या. निघताना त्यांनी मला विचारलं, "आईकडून हे शिकलीस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग शीक."

पुढच्या बाजारात गोणपाटाशी आईच्या आधी मी जाऊन बसले.