रुमालानं माउस पुसणारा

पैठण गेटजवळ त्याचं आणि माझं डिझाइनचं दुकान शेजारीशेजारी आहे. कुणाच्याही माउसला हात लावण्याआधी तो माउस रुमालानं पुसतो आणि "चल भाई" म्हणतो. मला त्या रुमालाचाही राग येतो.

परवा मी कॉम्प्युटर अपडेट केला. पडद्यावर खिडक्या मांडणारी जुनी यंत्रणा मागं पडून नवी सुरू झाली, आणि ती एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू देईना. फोटोतल्या शालूचा रंग लग्नपत्रिकेसाठी उचलायचा होता, तर माझं जुनं टूल काळ्याशिवाय काही उचलेना. पत्रिका करून घ्यायला आलेल्या सिल्लोडच्या मावशी कधीच्या ताटकळल्या होत्या. शेवटी त्याला हाक मारली.

त्यानं माउस पुसला, लॉगआउट केलं आणि पासवर्डच्या पडद्यावरच जुनी यंत्रणा निवडली. "पुढच्या अपडेटला हे बी जाईल, भाऊ. तवर नवं टूल बघून ठेव."

रंग उचलला गेला. मग न विचारताच त्यानं पत्रिकेतला गणपती जरासा वर सरकवला. तो तिथं खरंच शोभत होता.

मावशी त्याला म्हणाल्या, "मालक, तुमी आधीच यायचं ना!" आणि माझ्याकडं वळल्या, "पोरा, पाणी आण की."

मी आणलं. दोन ग्लास.