कॉमेंटमधून सापडलेले घर

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि शुद्धलेखनाचे तर विचारूच नये. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्यावे. पण नागपूर-रायपूर हायवेवर कोहमाऱ्याच्या धाब्यावर सापडलेली ती बुढी डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहिते.

आमचे हे हवालदार म्हणून निवृत्त झाले. ही गोष्ट घडली तेव्हा ते तिथल्या हायवेवरच्या ठाण्यात होते. धाबेवाल्याने खबर दिली की एक म्हातारी कालपासून बाकावर बसून आहे, बोलत नाही. तिला ठाण्यात आणले, स्टेशन डायरीत नोंद झाली. महिला शिपाई बंदोबस्ताला गेली होती, म्हणून ह्यांनी मला पोलीस लाईनीतून बोलावून तिच्याजवळ बसवले.

"आजी, गाव कोणतं?" हे विचारत राहिले. बुढी नुसती पदराच्या काठाच्या घड्या घालायची, हाताने सपाट करायची, एकावर एक रचायची.

"डोस्कं फिरलं तिचं," एक शिपाई म्हणाला. "ट्रकातून उतरवून देली असन. रायपूरकडची दिसते."

हायवेवरच्या ठाण्यात हीच चूक होते. अनोळखी माणूस दिसला की तो रायपूरकडचाच. बिनतारी संदेश छत्तीसगडकडे गेला, उत्तर आले नाही. साहेबांनी हुकूम दिला, उद्या दुपारपर्यंत नातेवाईक मिळाले नाहीत तर नागपूरच्या आश्रयगृहात रवानगी. न बोलणारी बाई तिथून घरी कधी परतणार?

तालुक्यातले एक गुरुजी ब्लॉग चालवायचे. ह्यांनी त्यांना फोटो दिला, पण बुढीने पदर ओढलेला, चेहरा नीट आलाच नाही. तरी खाली कॉमेंटांची रांग लागली. कोणी बालाघाटची म्हणे, कोणी डोंगरगडची. लुगडे कसे नेसली आहे, पायात काय आहे, असे लोक विचारायचे. आमचे हे बुढीकडे बघून सांगायचे, गुरुजी उत्तर टाकायचे, की लगेच पुढचा प्रश्न!

मला त्या घड्या ओळखीच्या वाटत होत्या. माहेरी आम्ही विडीसाठी तेंदूची पाने तोडायचो. पाने अशीच सपाट करून रचतात, मग सालीच्या दोरीने पुडा बांधतात, आणि गाठ मारायची तऱ्हा प्रत्येकीची वेगळी. पण एवढ्या पुरुषांत तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती. घरी जाऊन मोबाईलवर एकेक अक्षर शोधले आणि नाव न टाकता लिहिले, "आजीच्या हातात तेंदूची पाने द्या. पुडा बांधला की फोटो टाका."

सकाळी हे पाने आणि सालीची दोरी घेऊनच निघाले. "कॉमेंटमध्ये एक मोठा हुशार माणूस आहे वो! रिटायर फॉरेस्टवाला असन."

मी खाली मान घालून मागे चालले.

पाने दिसताच बुढीची बोटे भराभर चालू लागली. पुडा बांधून तिने दोरीचे टोक दोनदा पिळून आत खोचले. गुरुजींनी फोटो टाकला. बाहेर नागपूरची गाडी उभी होती.

तेवढ्यात नागपुरात कामाला असलेल्या एका मुलीची कॉमेंट आली. "ही माझ्या आजीची गाठ! आम्ही तुमच्या जवळच्याच चिचगडचे. ती माझ्याकडे येत होती, बसमधून उतरलीच नाही. मी बसस्टँडवर शोधून राहिली!"

ओळख पटल्याशिवाय ताबा देता येत नाही. ह्यांनी लिहिले, "फोटोत न दिसणारी खूण सांगा."

"हवालदार साहेब, निघाचं का?" ड्रायव्हर ओरडला.

"थांब ना बे!"

उत्तर आले. "डाव्या कानामागे भाजल्याचा डाग. मला ती मैनी म्हणते."

"पाहय, लवकर पाहय!" हे मला म्हणाले. मी तिचे केस बाजूला केले.

"आहे जी! आहे!"

माझा आवाज त्या ठाण्याने पहिल्यांदा ऐकला. मी बुढीच्या कानात "मैनी" म्हटले. तिने माझे मनगट घट्ट धरले. "मैनी कोठं आहे?"

पाणी प्यायला उतरली, बस निघून गेली आणि भीतीने तिची वाचाच बसली, एवढेच झाले होते. संध्याकाळी नात आली, दोघी गळ्यात पडून रडल्या.

एरवी जबाब घेणारा एक, देणारा एक. बाकीचे मागाहून पेपरात वाचतात. इथे वाचणाऱ्यांनीच चौकशी केली. चार माणसांत न बोलणाऱ्या मलाही तिथे बोलता आले.

पुढे नातीने लिहिले, "पाने द्यायला कोणी सांगितलं? आजी विचारून राहिली." दोन दिवस मी नुसती वाचत होते. तिसऱ्या रात्री माझे नाव लिहून टाकले.

सकाळी हे मोबाईल घेऊन मोठ्याने वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"हे... तू होय?"

"चहा घ्या जी," मी म्हटले. "थंडा होऊन राहिला."